गेअरमध्ये उभी

किरुंब्याच्या वळणावर वाहतूक पोलिसाने पांढऱ्या बाहीतला हात वर केला आणि मदुहूची गाडी थांबली. थांबली आणि मग बंद पडली. बंद पडण्यात नवल नव्हतं. तेरा वर्षं जपानात आणि नऊ वर्षं इथे म्वान्झा शहरात राबलेल्या त्या एवढ्याशा ट्रकला बंद पडायला निमित्त लागत नसे. नवल पुढे होतं. क्षणापूर्वी त्याचा पाय ब्रेकवर होता, ऑटोमॅटिक गेअरचा दांडा डीवर होता, आणि गेअरमध्ये उभी राहिली की ही गाडी थरथरायची तशी ती थरथरत होती: सीट, स्टिअरिंग, आरशातला मागचा रस्ता, काचेवर राहून गेलेली जपानी अक्षरांची चिठ्ठी, आणि मागे रचलेल्या तीस क्रेटमधल्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या, एकमेकींना खेटून किणकिणणाऱ्या. इंजिन मेलं तसं हे सगळं एकदम थांबलं. बाटल्या इतक्या गप्प झाल्या की पोलिसाच्या बुटाखालची खडी ऐकू आली. आणि मदुहूचा डावा हात, मांडीवर नुसता ठेवलेला, काहीही न करणारा हात, तो मात्र थरथरत राहिला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, चिमटीत मीठ धरून ते कशावर तरी भुरभुरावं तशी. मदुहूने त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याचं पोर आपल्या दारात कसं आलं अशा नजरेने. मागचा मिनीबसवाला हॉर्नवर बसला होता. मदुहूने दांडा न्यूट्रलला आणला, किल्ली फिरवली, आणि इंजिन धरतंय न धरतंय तोच दांडा पुन्हा डीवर ओढला. बाटल्या किणकिणायला लागल्या. हात त्या किणकिणाटात बेमालूम मिसळून गेला आणि पोलिसाने पुढे जायची खूण केली.

किती वेळ गेला असेल त्यात? पाच सेकंद. मदुहूने त्या पाच सेकंदांचा त्या दिवशी आणि पुढचे वीस दिवस इतका विचार केला की ते लांबून लांबून त्याच्या आयुष्याएवढे झाले. इंजिन बंद होतानाही गाडी एकदा गचका देते, तो गचका अंगात उरतो, बोटीतून उतरल्यावर जमीन हलते तसं. हे खरं होतं. पण दोन सेकंद गाडीचे धरले तरी बाकीचे तीन कोणाचे? घरी जाऊन त्याने चहाचा कप डाव्या हातात धरला. चहावर तरंगसुद्धा उठला नाही. स्क्रू पिळला, सुईत दोरा ओवला, तेव्हा त्याची बायको कबुला म्हणाली, "शिजाचे बाबा, आज शिंपी झालात की काय?" हात दगडासारखा स्थिर. त्याला हायसं वाटलं. मग रेडिओ ऐकत तो खुर्चीत सैलावला, हाताला काही काम उरलं नाही, आणि त्याने मुद्दामच खाली पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही. त्याला ठाऊक होतं की हा रोग असाच असतो, कामाच्या हाताला सोडतो आणि विसाव्याच्या हाताला धरतो. हे त्याला कोण्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. हे त्याने पाचवीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसून शिकून घेतलं होतं.

त्याचा बाप, मासुंगा मास्तर, मागू गावच्या शाळेत शिकवत असे आणि पोटच्या पोराला इतरांपेक्षा दोन छड्या जास्त देत असे. त्याचं अक्षर साऱ्या तालुक्यात नावाजलेलं. फळ्यावर लिहिलं की छापल्यासारखं. त्या वर्षी ते अक्षर लहान व्हायला लागलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले, "मास्तर, दिसत नाही." मास्तर पुसून पुन्हा लिहायचे, पहिले दोन शब्द मोठे, तिसरा बारीक, आणि ओळीच्या शेवटी शेवटी मुंग्या. पोरं म्हणायची मास्तर खडू वाचवतायत. मदुहू दुसऱ्या बाकावरून सगळं नीट वाचू शकत होता आणि मागच्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवत होता, म्हणजे अक्षर मोठंच आहे असं त्यांना वाटावं. मग हाताची पाळी आली. मास्तर डावा हात खिशात ठेवायला लागले आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा. वर्गातून फिरताना किल्ल्या सारख्या वाजायच्या. घरात एका पेटीला सोडून कशालाच कुलूप नव्हतं. पुढे लोक म्हणाले पितो, पुढे म्हणाले कोणीतरी करणी केली, आणि पुढे काहीच म्हणेनासे झाले. शेवटची सहा वर्षं बाप भिंतीशी बसून असे आणि आई त्याला मक्याच्या पिठाच्या उगालीचे घास भरवत असे. ती घास बरोबर तोंडात द्यायची, सांडू द्यायची नाही, पण बघायची भिंतीकडे. सहा वर्षांत तिने त्याच्याकडे पाहिलेलं मदुहूला आठवत नव्हतं. बापाच्या हातापेक्षा, लाळेपेक्षा, अंथरुणापेक्षा मदुहूच्या मनात भीती होती ती त्या न पाहण्याची. माणूस समोर असताना त्याचं नसणं आधीच सुरू झालंय अशी ती नजर होती.

बापाला एकोणपन्नासाव्या वर्षी सुरू झालं होतं. एकोणपन्नास ओलांडलं त्या दिवशी मदुहूने कोणाला न सांगता चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती आणि सुटलो म्हणून सरोवराकाठी जाऊन अख्खा तळलेला मासा एकट्याने खाल्ला होता. आता तो बावन्नचा होता.

गाडीचा दांडा आता डीवरून हलत नव्हता. हा तोच मदुहू, ज्याच्या काटकसरीची किरुंब्यापासून इगोमापर्यंत थट्टा व्हायची. जो गर्दीत गाडी न्यूट्रल करायचा, फाटकाशी इंजिन बंद करायचा आणि उतारावर पेट्रोलचा थेंब न जाळता गाडी नुसती घरंगळत आणायचा. आता तो दुकानासमोर क्रेट उतरतानाही इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, डीवर बसून राहायचा. डेपोतली बाई म्हणाली, "काय मदुहू, विहीर लागली का पेट्रोलची?" तो हसला. गाडी थरथरत होती तोवर त्याला हसता येत होतं. थरथर होती म्हणून तो माणसांत होता, कारण त्या डब्यात बसलेल्या कोणाचाही हात थरथरलाच असता, पाद्र्याचा आणि पोलीस कमिशनरचासुद्धा. इतकी साधी गोष्ट होती. पण रात्री अंथरुणावर त्याला वाटायचं, ही गाडी एक दिवस दुरुस्त होईल. आणि तो दचकायचा.

आठ महिन्यांपूर्वी ती नीट होती. तेव्हा मलेरियाने तो आठवडाभर पडला होता, आणि इंजिनाखालचं रबर तुटलं म्हणून कबुला शेजाऱ्याला स्टिअरिंगवर बसवून गाडी किब्वाना मिस्त्रीकडे घेऊन गेली. परत आली ती गाडी अशी होऊन आली. किब्वानाने लॉरीच्या जुन्या टायरचा तुकडा कापून, भोकं पाडून इंजिनाखाली बसवला होता. अर्ध्या शहराच्या गाड्या अशाच टायरच्या तुकड्यांवर उभ्या होत्या. मदुहू महिनाभर कुरकुरला. मग सवय झाली. आणि आता ती थरथर म्हणजे त्याच्या अंगावरचं एकच धड कापड होतं.

कबुला रोज संध्याकाळी बाजारातून त्याच्या गाडीने घरी यायची. मिरोंगोच्या बाजारात तिचं दागाचं दुकान. सुकवलेल्या त्या चांदीसारख्या मासळीचा वास तिच्या अंगाला गुंडाळलेल्या कांग्याला, केसांना, आणि आता सीटलाही. ती डाव्या बाजूला बसायची, म्हणजे त्याचा डावा हात दोघांच्या मधे. पूर्वी ती त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायची. वीस दिवसांपूर्वीच्या त्या पाच सेकंदांनंतर मदुहूच्या पहिल्यांदा लक्षात आलं की ती आता खिडकीकडे बघत बसते. कधीपासून? त्याने आठवून पाहिलं. बोलायची तीच, नकलाही त्याच, पण खिडकीकडे बघून. तिचं डोकं, कानातली बाळी, गालाची कड, डोळे नाहीत. गाडी थांबली की तर नाहीच नाही. त्याने हात मांडीखाली सरकवला आणि ती रस्त्यावरच्या कोणा बाईच्या टोपलीबद्दल सांगत राहिली.

विसाव्या दिवशी तो किब्वानाकडे गेला. दुरुस्तीला नाही. त्याला फक्त एका जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं की हलते ती गाडी.

किब्वाना किनाऱ्याकडचा झारामो होता आणि मदुहू सुकुमा. या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. झारामोने सुकुम्याला मयताच्या घरीसुद्धा वाटेल ते बोलावं, सुकुम्याने त्याला उलट बोलावं, आणि रागवायचं मात्र कोणी नाही.

"ये रे सुकुम्या, अजून जिवंत?" किब्वाना एका गाडीखालून म्हणाला. "मी तुझ्या बायकोच्या सांत्वनाला यायचं म्हणून शर्ट धुऊन ठेवला होता."

"तू शर्ट धुतलास म्हणूनच सरोवर काळं दिसत होतं. बाहेर ये. गाडी बघ, उभी राहिली की हलते."

"कोण हलतं?"

"गाडी."

किब्वाना हात पुसत आला. या गाड्यांचं इंजिन सीटखालीच असतं. त्याने डाव्या दारातून वाकून सीटच्या कडेवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले, म्हातारी बाई पोटुशीच्या पोटावर हात ठेवते तसा. "डीवर टाक. ब्रेक सोडशील तर माझ्या पायावर घालशील, आणि मग माझ्या दोन्ही बायका तुला पोसाव्या लागतील." मदुहूने दांडा ओढला. गाडी थरथरली, बाटल्या बोलायला लागल्या. "हं. आता न्यूट्रल."

मदुहू थांबला.

"न्यूट्रल रे. अक्षरं विसरलास? मास्तरचा पोरगा ना तू?"

मदुहूने हात मांडीखाली दाबला, उजवा हात आडवा नेऊन दांडा न्यूट्रलला सारला. सीट निवांत झाली. बाटल्या थांबल्या. किब्वानाने डोळे उघडले आणि मदुहूकडे पाहिलं. नीट पाहिलं, की मदुहूलाच तसं वाटलं. "गाडी तर शांत आहे," तो म्हणाला. "तूच हलतोयस, सुरी बघितलेल्या बोकडासारखा. आणि हात काय उबवायला ठेवलायस?"

दुसरा कोणी असता तर विचारता आलं असतं, खरं सांग, काय दिसलं तुला? पण झारामोला कसं विचारणार? तो दुसरी थट्टा करील, आणि त्या थट्टेचाही अर्थ लावत बसावं लागेल. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या मोकळ्या बोलण्यात मदुहूला प्रथमच कोंडल्यासारखं झालं. तो हसला. हसणं त्याच्या दातांवर तसंच राहून गेलं.

"यात इंजिनाचा काही दोष नाही," किब्वाना म्हणाला. "माझा टायर आहे तो. रबर कसलं, दगड. इंजिन हललं की तुझ्या कवटीपर्यंत पोचवतो."

"मग तेव्हाच चांगलं का नाही घातलंस? मी तापात होतो म्हणून गळ्यात मारलंस?"

"मी मारलं?" किब्वाना सरळ झाला, फळीवरून प्लास्टिकची धुळकट पिशवी काढून त्याने सीटवर आपटली. आत जपानहून आलेलं इंजिनाखालचं रबरी माउंटिंग, काळंभोर आणि मऊ. "हे तेव्हाच आणून ठेवलं होतं. तुझ्या बायकोने घालू दिलं नाही. किंमतसुद्धा विचारली नाही तिने. म्हणाली, टायरचं घाल. मी म्हटलं, वहिनी, गाडी उभी राहिली की दात वाजतील. तर म्हणते, वाजू दे. जितकी हलेल तितकी बरी." तो हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. त्याची नजर मदुहूच्या मांडीखाली गेलेल्या मनगटावर होती. "मी तेव्हा फार हसलो होतो, भाऊ," तो म्हणाला. भाऊ असं किब्वाना त्याला नऊ वर्षांत कधी म्हणाला नव्हता. "लावू का आता? तासाभराचं काम."

"उद्या," मदुहू म्हणाला आणि दांडा डीवर ओढला.

बाजारापर्यंतचा रस्ता त्याला नंतर आठवला नाही. आठ महिने. त्याने स्वतः पाहिलं त्याला वीस दिवस झाले होते, आणि तिने आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रीच्या दुकानात उभं राहून, त्याच्या रोगासाठी एक रोगी गाडी बनवून घेतली होती. त्याला संताप आला. मग संताप कुठेतरी विरला आणि खाली निव्वळ भीती उरली, पायाला तळ न लागणारी. म्हणजे ते होतं. संशयाला जागा नव्हती. जोवर ते एकट्याला ठाऊक होतं तोवर ते कदाचित नव्हतं. दोघांना ठाऊक म्हणजे ते घरात येऊन बसलं. आणि ती खिडकीकडे बघत होती. आई भिंतीकडे, ही खिडकीकडे. फरक एवढाच की खिडकीतून काही दिसतं.

कबुला टोपली मांडीवर घेऊन बसली आणि कोण्या गिऱ्हाइकाने मूठभर दागा कसा चाखत चाखतच संपवला ते सांगू लागली. मदुहू हूं हूं करत होता. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडीचे डबे इकडून तिकडे ढकलले जात होते, सावकाश, आज फाटक उघडणारच नाही असे. गाडी थांबली, थरथरायला लागली, बाटल्या किणकिणायला लागल्या, आणि कबुलाचं तोंड ठरल्यासारखं खिडकीकडे वळलं.

"किब्वानाकडे गेलो होतो," मदुहू म्हणाला.

"मग? किती शिव्या दिल्या त्याने?"

"चांगलं रबर आहे त्याच्याकडे. तेव्हाही होतं."

तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. ते सारखंच होतं. "असेल," ती म्हणाली.

मदुहूने डावा हात मांडीखालून काढला. त्या हाताने त्याने दांडा न्यूट्रलला सारला आणि हात तिथेच, दोघांच्या मधे, दांड्याशेजारी ठेवून दिला. थरथर पायांतून उतरली, सीटमधून उतरली. बाटल्या एकेक करून गप्प झाल्या. काही क्षण हात कामाच्या आठवणीने स्थिर राहिला. मग अंगठा हलला, बोट हललं, आणि सुरू झालं.

"गेअर टाका, शिजाचे बाबा," कबुला खिडकीकडे बघत म्हणाली.

"गाडी उभी आहे."

"उभी असू दे. गेअरमध्ये उभी असू दे."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

एक डबा दुसऱ्यावर आदळल्याचा आवाज पार सरोवरापर्यंत गेला. "तुमच्या आधीपासून," ती म्हणाली. "शिजाच्या लग्नात. पाद्री बोलत होता आणि तुम्ही असे खुशीत ऐकत होतात. मी म्हटलं हाताला काय झालंय यांच्या. मग तुमच्या आईंचं आठवलं. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं. म्हणाल्या, याला कधी झालंच तर याला कळू देऊ नकोस. त्याच्याकडे बघू नकोस. मासुंगा रोगाने नाही गेला, बघण्याने गेला. लोक बघायचे आणि तो लाजेने आक्रसायचा. म्हणून मी सहा वर्षं त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणाल्या. एवढं एकच करता आलं मला त्याच्यासाठी." तिने टोपलीवरचं फडकं पुन्हा सारखं केलं. "मला दुसरं काही सुचलं नाही. गाडीच हलली तर तुम्हाला कळणार नाही असं वाटलं. वेड्यासारखं केलं मी. गेअर टाका ना. मला भीती वाटते."

मदुहूने समोर पाहिलं. फाटकापलीकडे डबे सरकत होते, एकावर खडूने काही लिहिलं होतं, तो वाचू शकला असता. त्याला आई दिसली, घास पुढे केलेली, भिंतीकडे वळलेली. आणि ती नजर सहा वर्षं केवढ्या कष्टाने तिथे धरून ठेवली असेल ते पहिल्यांदा कळलं.

"बाबा मला विचारायचे," तो म्हणाला. "शेवटी शेवटी. जीभ जड झाली होती, दोन दोनदा सांगावं लागायचं. दुसरं काही विचारायचे नाहीत. तेवढंच. तुझी आई माझ्याकडे का बघत नाही?"

कबुला हलली नाही.

"मी म्हणायचो, बघते की. खोटं बोलायचो."

शेवटचा डबा गेला. फाटकाचा दांडा करकरत वर उठला, आणि मागच्या गाड्यांनी एकदम हॉर्न द्यायला सुरुवात केली. कोणीतरी ओरडलं, झोपलास का रे म्हाताऱ्या. मदुहूने गेअरच्या दांड्याला हात लावला नाही. गाडी शांत होती.

कबुलाने टोपली पायाशी ठेवली. मग ती वळली, सबंध वळली, पूर्वी नकला करताना वळायची तशी, आणि आधी त्याच्या हाताकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. ती भ्यालेली होती. ते तिने लपवलं नाही. हॉर्न वाजत राहिले आणि ती बघत राहिली.